सांगलीहून फ्लोरिडाचा विमा

अमेरिकेत नळाचं काम करणाऱ्या माणसाला एखाद्या मोठ्या इमारतीत शिरायचं असेल, तर पान्यांच्या पेटीआधी एक कागद दाखवावा लागतो. एकच पान, सगळं चौकटी-चौकटींचं. त्याचं नाव ॲकॉर्ड २५. या माणसाचा विमा आहे, अमुक कंपनीचा आहे, इतक्या रकमेचा आहे, या तारखेला संपतो, एवढंच त्यावर असतं. उद्या याने पाइप फोडला आणि खालच्या दुकानात पाणी गेलं, तर भरपाई कुठून येणार हे इमारतीच्या मालकाला आधी कळायला हवं असतं. गंमत म्हणजे त्याच कागदाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, की हा कागद निव्वळ माहितीसाठी आहे आणि यामुळे तुम्हाला कसलाही हक्क मिळत नाही. तरी तो नसेल तर दारातून आत घेत नाहीत.

हा कागद नळवाल्याच्या विमा एजन्सीने द्यायचा असतो. म्हणजे फ्लोरिडातल्या कुठल्याशा रस्त्यावर पाच-सहा माणसांचं एक ऑफिस, आणि त्या ऑफिसच्या वतीने प्रत्यक्षात माझी मावसबहीण. सांगलीत, गावभागात, वरच्या मजल्यावरच्या खोलीत, एका बाजूला इन्व्हर्टर आणि दुसऱ्या बाजूला मावशीचं वाळवणाचं सामान. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. बी.कॉम., टॅली, मग एका पतसंस्थेत नोकरी, मग लॉकडाऊन. २०२१च्या सुरुवातीपासून ती 'व्हर्च्युअल असिस्टंट' आहे. मावशी शेजारणींना सांगते, "अमेरिकेच्या कंपनीत आहे, घरूनच." काका सांगतात, "माझाच धंदा चालवते."

काकांचं बरोबर आहे. तीस वर्षं ते एलआयसीचे एजंट होते. चामडी बॅग, बजाज स्कूटर आणि ग्राहकांच्या वाढदिवसांची डायरी. कोणाचा हप्ता थकला, कोणाची पॉलिसी मॅच्युअर होणार, कोणाच्या घरी नुकतं बाळ झालंय, हे सगळं त्या डायरीत. ताई हेच काम करते, फक्त डायरीच्या जागी तीन सॉफ्टवेअर आहेत आणि ग्राहकाच्या घरचा चहा नाही.

एखाद्या अमेरिकन एजन्सीला सांगलीतल्या बाईची गरज का पडावी, हे मला आधी कळत नव्हतं. मग मी स्वतःच या धंद्यात शिरलो. पुण्यात ज्या कंपनीत मी नोकरी करतो, ती अशाच एजन्सींसाठी सॉफ्टवेअर बनवते. तिथे लागल्यावर हिशेब उलगडला. स्वतंत्र एजन्सीची कमाई म्हणजे कमिशन, ग्राहकाने भरलेल्या हप्त्यातला काही टक्के. पॉलिसी विकली की पैसे, नूतनीकरण झालं की पैसे. पण नळवाल्याला वर्षभरात चाळीस इमारतींसाठी चाळीस सर्टिफिकेटं लागतात, आणि त्यांचे सहसा वेगळे पैसे मिळत नाहीत. गाडी बदलली, पत्ता बदलला, बँक बदलली, कंपनीकडून मागच्या पाच वर्षांच्या क्लेमचा उतारा मागवायचाय, तेही सगळं फुकट. ज्या कामाचे पैसे मिळत नाहीत आणि जे केल्याशिवाय ग्राहक टिकत नाही, ते काम स्वस्त हातांकडे सरकतं. आधी ते फिलिपिन्सला गेलं, मग भारतात मोठ्या शहरांत, आता सांगलीत.

किती स्वस्त, तेही सांगतो, कारण अशा लेखांत पैशांचा विषय आला की लोक खाकरून पुढे जातात. एजन्सी मधल्या कंपनीला ताईसाठी तासाला दहा डॉलर देते. ताईच्या खात्यात महिन्याला अडतीस हजार रुपये येतात. मधल्या फरकात ट्रेनिंग, पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर आणि कोणाचं तरी गुडगावातलं ऑफिस येतं. ताईला हे माहीत आहे. पतसंस्थेत चौदा हजार मिळायचे, हेही माहीत आहे.

तिचा दिवस संध्याकाळी साडेसहाला सुरू होतो आणि रात्री अडीचला संपतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे जातात आणि तिचा दिवस साडेसात ते साडेतीन होतो. अमेरिकेत घड्याळ फिरवलं की सांगलीत मावशीच्या कुकरची वेळ बदलते. कॅमेरा चालू ठेवायचा, टेबलावर वही-पेन ठेवायचं नाही, मोबाइल दुसऱ्या खोलीत. ग्राहकांची खासगी माहिती असते, ती जपण्याचा अमेरिकेत कायदा आहे, त्यामुळे या अटी सगळ्याच बिनकामाच्या नाहीत. तिथे तिचं नावही वेगळं आहे, तोंडात बसायला सोपं, दोन अक्षरी. ते इथे लिहीत नाही. एकदा रात्री मी पाणी प्यायला उठलो होतो, तेव्हा ती त्या नावाने हसत होती. हसणं मात्र तिचंच होतं.

या सगळ्यात खरी मेख आहे लायसन्सची. अमेरिकेत विम्याचं नियमन केंद्र सरकार नाही, राज्यं करतात. १९४५च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने ते राज्यांवर सोडलंय. त्यामुळे प्रत्येक राज्याचं आपलं लायसन्स. ज्याच्याकडे ते नाही त्याने विमा विकायचा नाही, कोणती पॉलिसी घ्या ते सुचवायचं नाही, अटींवर घासाघीस करायची नाही. कागद भरता येतो, फाइल लावता येते, निरोप घेता येतो. ताईकडे लायसन्स नाही. तिच्या समोरच्या स्क्रीनवर ग्राहकाची अख्खी पॉलिसी उघडी असते, वगळलेल्या गोष्टींच्या पानासकट. चार वर्षांत तिने ती पानं इतकी वाचलीत की कोणत्या कंपनीच्या पॉलिसीत छताच्या वयाची अट कुठे आहे, ते ती झोपेतही सांगेल. पण ग्राहकाने विचारलं, "हे माझ्या विम्यात बसतं का?" तर तिचं उत्तर ठरलेलं: "आमचे लायसन्सधारक एजंट तुम्हाला फोन करतील."

मला या नियमात काही वाईट दिसत नाही. चुकीच्या सल्ल्याने माणूस देशोधडीला लागू शकतो, आणि सल्ला देणाऱ्याला जबाबदार धरायचं तर तो कुठेतरी नोंदलेला हवा. एजन्सी आपल्या चुकांसाठी स्वतःचाही विमा काढतात. विमा विकणाऱ्यांचा विमा! पण नियम योग्य असला तरी तो पाळणाऱ्या माणसाचं काय होतं, हा वेगळा प्रश्न आहे.

२०२२च्या सप्टेंबरमध्ये घटस्थापना सोमवारी होती, २६ तारखेला. त्याच दिवशी कॅरिबियन समुद्रातल्या 'इयन' वादळाचं हरिकेन झालं आणि ते फ्लोरिडाच्या दिशेने निघालं. अशा वेळी विमा कंपन्या नव्या पॉलिसी देणं थांबवतात. आग दिसायला लागल्यावर आगीचा विमा कोण देईल? एजन्सीत फोनचा पाऊस पडला, आणि एरवी कागदपत्रांवर असलेल्या ताईलाही फोनवर बसवलं.

मंगळवारी रात्री तिला एका म्हाताऱ्या बाईचा फोन आला. एकटी राहणारी, घर कालव्यापासून जवळ. तिने विचारलं, पाणी घरात आलं तर माझी पॉलिसी चालेल ना?

ताईच्या स्क्रीनवर उत्तर होतं. अमेरिकेत घराच्या नेहमीच्या पॉलिसीत वादळाचा वारा बसतो, पण बाहेरून चढलेलं पुराचं पाणी बसत नाही. त्यासाठी वेगळी पॉलिसी लागते. १९६८ साली सुरू झालेली सरकारची पूरविमा योजना आहे, पण तिच्यात पॉलिसी घेतल्यावर सहसा तीस दिवस थांबावं लागतं. बाईंच्या फाइलमध्ये पुराची पॉलिसी नव्हती, आणि वादळाला एक दिवस उरला होता. म्हणजे ताईने खरं सांगितलं असतं तरी त्यांच्या विम्यात एका डॉलरचाही फरक पडला नसता.

तिने ठरलेलं वाक्य म्हटलं. निरोप लिहून घेतला, त्यावर 'तातडीचं' असा लाल शेरा मारला. त्या शेऱ्याच्या आधी असे चाळीस निरोप रांगेत होते. मग फोन ठेवायच्या ऐवजी तिने विचारलं, तुमच्या भागाला घर सोडायला सांगितलंय का? बाई म्हणाल्या, सांगितलंय, पण मांजर आहे, आणि मागच्या वेळीही काही झालं नव्हतं.

इथून पुढचं मला ताईने तिच्या शब्दांत सांगितलं. "मी म्हटलं, मी पुराच्या गावची आहे. आमच्याकडेही सगळे हेच म्हणत होते, मागच्या वेळी इतकं आलं नव्हतं. तुम्ही निघा. गाद्या सोडा, टीव्ही सोडा. औषधं घ्या, चष्मा घ्या, कागद प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि पिशवीला दोन गाठी मारा. मांजर उशीच्या खोळीत घाला, ओरबाडेल पण येईल." बाईंनी विचारलं, तुमचं गाव कुठलं? ताईने 'भारत' म्हटलं. गावाचं नाव विचारत होत्या, म्हणून मग 'सांगली'ही म्हटलं.

तो कॉल रेकॉर्ड झाला होता. मधल्या कंपनीच्या क्वालिटीवाल्यांनी त्याचे गुण कापले: ठरलेल्या मजकुराबाहेर बोलणं, स्वतःचं ठिकाण उघड करणं. नियमाने बघितलं तर त्यांचंही खरंच होतं. ताईचा त्या महिन्याचा बोनस गेला. इयन बुधवारी दुपारी किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा सांगलीत मध्यरात्र उलटली होती. ऑक्टोबरात तिला सिस्टिममध्ये त्या बाईंच्या नावाने नोंद दिसली. क्लेम पुराचा, संरक्षण नाही. नोंदीत लिहिलं होतं, की ग्राहकाने स्वतः मुलीच्या घरून फोन केला. ताई सांगते, तिने फक्त 'स्वतः' हा शब्द वाचला आणि पुढच्या फाइलवर गेली.

"मी पुराच्या गावची आहे" हे ती उगाच म्हणाली नव्हती. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. मावशीच्या तळमजल्यात माणसाच्या डोक्यावर पाणी होतं. ही मंडळी मिरजेला नातेवाइकांकडे होती. परत आल्यावर फ्रिज स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत तरंगत आलेला होता. मावशीचं शिलाई मशीन गेलं. काकांच्या सगळ्या डायऱ्या गेल्या, लगदा झाला नुसता. मी तेव्हा कॉलेजात होतो, चार मित्रांसोबत चिखल काढायला गेलो होतो. त्या चिखलाचा वास सांगता येत नाही. अजून एखाद्या बेसमेंट पार्किंगमध्ये तसा वास आला की माझं पोट ढवळतं.

अर्ध्या गावभागाला आयुर्विमा विकलेल्या माणसाच्या घराचा विमा नव्हता. काका म्हणायचे, "विमा माणसाचा असतो, भिंतींचा कसला?" २०२१च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी आलं, तेव्हा ताईला काम लागून सहा महिने झाले होते. तिने लॅपटॉप उचलला, मिरजेहून लॉगिन करायची परवानगी मागितली. एजन्सीच्या मालकाने स्वतः मेल पाठवला. माणूस चांगला आहे. लिहिलं होतं: काळजी घ्या, काम होत राहील, तुमचा पुराचा विमा असेल अशी आशा करतो. ताईने मला तो मेल फॉरवर्ड केला होता, वर काहीही न लिहिता.

आता माझ्याकडे येतो. आमच्या कंपनीने जे नवं बनवलं, ते ॲकॉर्ड २५ भरतं. ग्राहकाचा मेल येतो, भाषेचं मॉडेल तो वाचतं, पॉलिसी शोधतं, चौकटी भरतं, मसुदा तयार. काही सेकंदांत. हे मी आणि आणखी तिघांनी लिहिलं, आणि ते चांगलं चालतं. पहिल्या डेमोला एका अमेरिकन एजन्सीमालकाने सरळ विचारलं, याने माझे किती व्हीए कमी होतील? आमच्या सेल्सच्या माणसाने दोन बोटं वर केली. मी म्यूटवर होतो. मला राग आला असं म्हणणं खोटं होईल. ज्या हिशेबाने काम टॅम्पातून सांगलीत आलं, त्याच हिशेबाने ते सांगलीतून सर्व्हरवर चाललं होतं, आणि त्याच हिशेबावर माझाही पगार होतो. एक दिवस कोड लिहिणाराही त्याच तक्त्यात कमी करायच्या रकान्यात जाईल, हे माझ्या पिढीच्या प्रत्येक इंजिनिअरला रात्री दोन वाजता माहीत असतं.

गणपतीत सांगलीला गेलो तेव्हा ताईला ते दाखवलं. तिने भडंगाची वाटी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "दे, बघू." मी वाट बघत होतो की ती खिन्न होईल किंवा चिडेल. तिने खोटी नावं घालून एक मेल टाइप केला. इमारतीचा मालक म्हणतोय, करारानुसार आमचं नाव 'ॲडिशनल इन्शुअर्ड' म्हणून टाका. म्हणजे नळवाल्याच्या विम्यात मलाही सामील करा. मॉडेलने त्या चौकटीत ठसठशीत 'वाय' टाकलं.

"पॉलिसी उघडली का त्याने?" ताईने विचारलं. पॉलिसीत तसं कलम होतं, पण ग्राहकाने लेखी करार केला असेल तरच ते लागू व्हायचं. करार मेलला जोडलेलाच नव्हता. "चौकटीत वाय टाकल्याने पॉलिसी बदलत नाही रे. उद्या कोणी जिना पडून मेलं, तर तो मालक हा कागद घेऊन कोर्टात जाणार आणि कंपनी म्हणणार, आमच्याकडे असं काही नाही. मग एजन्सी मरते. मी अशा वेळी आधी करार मागते. लोक चिडतात, चिडू देत." मग आणखी तीन मेल टाइप केले. तिन्ही वेळा मॉडेल गडबडलं. ती शिकवणीतल्या बाईंसारखी चुकांपाशी बोट ठेवत गेली. माझी वही भरली.

त्यातलं बरंचसं आम्ही नंतर सॉफ्टवेअरमध्ये घातलं. शंका असेल तिथे मसुदा थांबतो आणि माणसाकडे जातो. त्या माणसाचं काम आता असतं फक्त अवघड फाइल बघायचं. सोप्या फाइल, ज्यांच्यात जरा डोकं निवायचं, त्या गेल्या. ताईच्या एजन्सीने दुसऱ्याच कोणाचं तरी असंच सॉफ्टवेअर घेतलं. तिघांचे दोघे झाले. गेला तो सेबूचा मुलगा. त्याला ताईने कधी पाहिलं नव्हतं, पण चार वर्षं रोज दोघं चॅटवर असायचे. त्याच्याकडे वादळ आलं की ही त्याच्या फाइल उचलायची, हिच्याकडे वीज गेली की तो. शेवटच्या दिवशी त्याने तिला त्याच्या शॉर्टकट्सची एक फाइल पाठवली. त्यात हिच्या माहितीतल्या नसलेल्या दोनच गोष्टी होत्या, असं ती म्हणाली. त्या दोन ती रोज वापरते.

ताईचं काम टिकलं. किती दिवस, यावर आम्ही बोलत नाही. पण तिने गेल्या वर्षी एक गोष्ट केली. आपल्याकडे २०२१च्या एप्रिलपासून 'भारत गृह रक्षा' नावाची घराची प्रमाणित पॉलिसी आहे, नियामकाने सगळ्या सामान्य विमा कंपन्यांना ती ठेवायला लावली आहे. ताईने एका रात्री काम संपल्यावर तिचा मजकूर काढून वाचला. वगळलेल्या गोष्टींचं पान आधी, तिच्या सवयीने. मला अडीच वाजता मेसेज: "पूर आत आहे!!" फ्लोरिडात ज्याच्यासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागते, ते आपल्या साध्या पॉलिसीतच आहे. भूकंप, वादळ, पूर, सगळं. इमारतीचा विमा घेतला की त्याच्या वीस टक्क्यांपर्यंत, दहा लाखांच्या मर्यादेत, घरातलं सामानही आपोआप येतं. आणि आमच्या गल्लीत, जिथे दोनदा पाणी आलं, एकाकडेही ती नव्हती.

मग तिने पीओएसपी केलं. पॉइंट ऑफ सेल्सपर्सन. दहावी पास, पंधरा तासांचं ट्रेनिंग, एक परीक्षा. प्रमाणपत्र आल्यावर काकांनी आपली जुनी चामडी बॅग तेल लावून तिला दिली. ती लॅपटॉपला लहान पडते. पहिली पॉलिसी तिने स्वतःच्याच घराची केली. काका कुरकुरले, पण सही केली. आता दुपारी झोप झाली की तास-दीड तास ती गल्लीत फिरते. आतापर्यंत सात झाल्या आहेत.

मागच्या महिन्यात मी गेलो होतो तेव्हा तिच्याबरोबर समोरच्या काकूंकडे गेलो. चहा झाला. ताईने सगळं समजावून सांगितलं: वर्षाचा हप्ता किती, पाणी आलं तर काय काय मिळतं, फोटो कसे काढून ठेवायचे. काकूंनी शेवटपर्यंत मान डोलावली आणि विचारलं, "आणि पाणी आलंच नाही, तर पैसे परत मिळतात ना? तुझ्या बाबांच्यात मिळायचे."

ताई म्हणाली, "नाही काकू, यात मिळत नाहीत."

"मग कशाला?" काकू म्हणाल्या. ताईने कप खाली ठेवला, चपलेतला पाय परत काढला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. सहा वाजत आले होते, साडेसहाला तिचं लॉगिन होतं. काकूंनी अजून पॉलिसी घेतलेली नाही. पण पावसाळ्याच्या आधी पुन्हा ये म्हणाल्या आहेत.